मुखवट्याचा मान

पांढऱ्या मातीने माखलेला चेहरा. सरळ, अरुंद नाक. अर्धे मिटलेले डोळे, कपाळावर आणि गालांवर कोरलेल्या खुणा, डोक्यावर उंच चढत गेलेली केशरचना. युरोप-अमेरिकेतल्या ज्या मोठ्या संग्रहालयात आफ्रिकेचं दालन आहे, तिथे बहुधा हा चेहरा असतो. तो इग्बो लोकांचा. नायजेरियाच्या आग्नेय भागात राहणारा हा समाज आज कोट्यवधींच्या घरात आहे. मुखवटा तरुण मुलीच्या आत्म्याचा, पण तो घालून नाचतो पुरुष. पाऊस सरल्यावरच्या उत्सवांत किंवा गावातल्या मोठ्या माणसाच्या उत्तरक्रियेला हे आत्मे नाचायला येतात. अंगात रंगीत कापडाचे तुकडे जोडून शिवलेला घट्ट पोशाख, सोबत वाद्यं, भोवती सगळं गाव. यातलं काचेच्या कपाटात पोचतं ते लाकूड तेवढं.

१९०७ मध्ये पिकासोने पॅरिसच्या त्रोकादेरो संग्रहालयात आफ्रिकेचे मुखवटे पाहिले आणि पुढे युरोपच्या चित्रकलेवर त्यांची छाप पडली, हे कलेच्या इतिहासात सगळीकडे वाचायला मिळतं. ते मुखवटे मूळ गावी कोण घालत होतं, कधी आणि कोणत्या हक्काने, हे त्या इतिहासात फारसं येत नाही. चित्रकाराला आकार हवा होता, तो त्याने घेतला. मुखवटा समजून घ्यायचा असेल त्याला मात्र आधी हेच प्रश्न विचारावे लागतात. आणि त्यांची उत्तरं शोधायला नायजेरियाला जायची गरज नाही.

पूर्णा जंक्शनवरून मुंबईकडे निघालेली गाडी परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर, मनमाड करत नाशिक रोडला पोचते आणि इगतपुरी सोडली की थळ घाट उतरू लागते. घाटाच्या दोन्ही अंगांना पसरलेला डोंगराळ पट्टा हा महाराष्ट्रातला लाकडी मुखवट्यांचा मुलूख. वरच्या बाजूला इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा, घाटाखाली मोखाडा, जव्हार, विक्रमगड, दक्षिणेला अकोले. कोकणा, वारली, ठाकूर, महादेव कोळी या समाजांच्या गावांतून होळीनंतर पावसाच्या आधीपर्यंत इथे बोहाडा होतो. कुठे त्याला भोवाडा किंवा भवाडा म्हणतात, कुठे आखाडी. गोदावरी याच पट्ट्यात, त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर उगम पावते. पुढे पैठण, गंगाखेड मागे टाकून ती पूर्णा तालुक्यात कंठेश्वरजवळ पूर्णा नदीला पोटात घेते आणि नांदेडकडे जाते. आपल्या गंगेच्या उगमाशी एवढी मोठी मुखवट्यांची परंपरा आहे, हे खालच्या काठावरच्या आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असतं?

ट्रंकेतल्या महालक्ष्म्या

तसा मुखवटा मराठवाड्याला नवा नाही. भाद्रपद आला की घराघरांत माळ्यावरची ट्रंक खाली येते. जुन्या लुगड्याच्या घड्यांतून ज्येष्ठा आणि कनिष्ठा बाहेर निघतात. कुणाच्या पितळी, कुणाच्या शाडूच्या, अलीकडे कुणाच्या प्लास्टर ऑफ पॅरिसच्या. पितळी असतील तर चिंचेने घासून लख्ख करायच्या, मातीच्या असतील तर डोळे-भुवया रंगाऱ्याकडून नव्याने उजळून घ्यायच्या. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन आणि जेवण, मूळ नक्षत्रावर विसर्जन. तीन दिवसांनी मुखवटे पुन्हा त्याच लुगड्यात, त्याच ट्रंकेत.

वर्षातले तीन दिवस ती देवी आणि उरलेले दिवस जपून ठेवलेली वस्तू, यात घरातल्या कुणालाच काही विसंगत वाटत नाही. भाऊ वेगळे निघाले की शेताची वाटणी होते, भांड्यांची होते, विहिरीच्या पाण्याच्याही पाळ्या ठरतात. महालक्ष्म्या मात्र बहुतेक घरांत थोरल्याकडे राहतात आणि बाकीचे भाऊ लेकराबाळांसह तिथे जेवायला येतात. त्या पितळेचं वजन किती आणि मोडीत काय येईल, हा हिशेब कुणी करत नाही, कारण तिथे धातू मोजायचाच नसतो. मोजायचा असतो तो मान: कुणाच्या घरी बसतात, कुणाच्या हातून आवाहन होतं, पहिलं पान कुणाचं. असा एखादा जोड उद्या संग्रहालयात गेला तर पाटीवर लिहिलं जाईल, ‘गौरीचे मुखवटे, पितळ, मराठवाडा’. तिन्ही गोष्टी बरोबर असतील, तरी घरातल्या सुनेला विचाराल तर ती म्हणेल की यात सांगण्यासारखं काहीच सांगितलेलं नाही.

मराठवाड्यात सोंगंही आहेत. पैठणच्या एकनाथांनी (१५३३–१५९९) भारुडं रचली आणि सोंगी भारुडाने ती गावागावांत उभी केली. भारुड करणारा माणूस लुगडं नेसतो, मळवट भरतो, आवाज फिरवतो, चाल बदलतो आणि बघता बघता दुसराच कुणी होतो. त्याला लाकडाचा चेहरा लागत नाही. म्हणजे आपल्याकडे महालक्ष्मीचा मुखवटा आहे, पण तो घालणारा माणूस नाही. भारुडात सोंग घेणारा माणूस आहे, पण त्याला मुखवटा नाही. बोहाड्यात या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. देवाचा चेहरा माणसाच्या खांद्यांवर चढतो आणि माणूस तो पेलत गावासमोर नाचत येतो.

बोहाड्याची रात्र

बोहाडा काही ठिकाणी एक-दोन रात्रींचा असतो, काही ठिकाणी त्याहून जास्त रात्रींचा. शेवटची रात्र मोठ्या बोहाड्याची. बाहेरगावी मजुरीला गेलेली माणसं या दिवसांत परत येतात, लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरं भरतात. बोहाड्यासाठी वेगळा रंगमंच बांधत नाहीत. गावातला रस्ता किंवा देवळापुढची मोकळी जागा हाच रंगमंच. दोन्ही कडांना माणसं दाटीने बसतात, ओट्यांवर बायका-पोरं, मध्ये सोंगाला येण्या-जाण्यापुरती वाट. एका टोकाला सांबळ आणि पिपाणी. पूर्वी उजेड फक्त मशालींचा असे. आता विजेचे दिवे आले, तरी सोंगापुढे मशाल धरण्याची रीत अनेक ठिकाणी आहे.

पहिला गणपती येतो, मग सारजा म्हणजे सरस्वती. त्यांच्यामागे एकेक सोंग: मारुती, खंडेराव, वेताळ, भीम, राम-लक्ष्मण, शूर्पणखा, त्राटिका, कुंभकर्ण, इंद्रजित, नरसिंह. एकादशी आणि द्वादशीसुद्धा सोंगं होऊन येतात. सगळी पुराणातलीच असतात असं नाही; गावाच्या हद्दीवरचा म्हसोबाही त्या रांगेत असतो. इथे रामायणाची कथा क्रमाने सांगायची नसते. प्रत्येक सोंगाने यायचं, आपल्या चालीवर नाचायचं, लोकांना दर्शन द्यायचं आणि परत जायचं. सांबळवाला सोंग ओळखून ठेका बदलतो. जाणता म्हातारा डोळे मिटून बसला असला तरी नुसत्या ठेक्यावरून कोण आलं ते सांगतो.

रावणाचं सोंग जवळून बघण्यासारखं. मधला चेहरा माणसाच्या तोंडावर येतो आणि बाकीची डोकी दोन्ही बाजूंना आडव्या ओळीत. माणसाच्या खांद्यांपेक्षा कितीतरी रुंद असा हा पसारा डोक्याला आणि पाठीला बांधलेला असतो. त्यामुळे रावणाला गर्रकन वळता येत नाही. तो आधी खांदे वळवतो, मग कंबर, मग पाय. झटक्यात वळला तर तोल जाईल किंवा कडेला बसलेल्याच्या कपाळाला लाकूड लागेल. म्हणून रावणाची चाल जड, रेंगाळती आणि ऐटबाज होते. बघणाऱ्याला वाटतं, काय हा राजाचा तोरा! तो तोरा निम्मा नाचणाऱ्याचा आणि निम्मा लाकडाच्या वजनाचा. मारुतीचा मुखवटा त्यामानाने आटोपशीर, म्हणून मारुती उड्या मारू शकतो. कारागीर लाकूड तासायचा वाकस चालवतो तेव्हा त्या सोंगाचा नाचही अर्धा घडवत असतो. भिंतीवर टांगलेल्या मुखवट्यात ही गोष्ट दिसत नाही, कारण भिंतीला तोल सांभाळावा लागत नाही.

शेवटी, पहाटेच्या सुमारास, देवी आणि महिषासुर समोरासमोर येतात. ही झुंज सगळ्यांची पाठ असते, शेवट सगळ्यांना माहीत असतो, तरी पेंगुळलेली पोरं त्या वेळी हलवून जागी केली जातात. महिषासुर पडला की बोहाडा संपला.

आता मानाची गोष्ट. कोणतं सोंग कुणी घ्यायचं हे अनेक गावांत घराण्यांनी वाटून घेतलेलं असतं. अमक्याच्या घरचा नरसिंह, तमक्याच्या घरचा वेताळ. बाप थकला की मुलगा घेतो, मुलगा नसला तर पुतण्या. मुखवटा घालण्याआधी त्याची पूजा होते. तो घातल्यावर आतला माणूस कोण ते गावाला पक्कं माहीत असतं. सकाळी ज्याच्यासोबत चहा प्यायला तोच हा. तरी बाया त्याच्या पाया पडतात, लेकरू त्याच्यापुढे आणतात. फसवलं कुणालाच जात नाही. गावाने या माणसाला, या रात्रीपुरतं, हा चेहरा चढवण्याचा हक्क दिलेला असतो आणि हक्क दिला म्हटल्यावर गाव स्वतःही तो पाळतं.

सागाच्या कमानी आणि पांगाऱ्याचे चेहरे

लाकूड टिकत नाही असं आपण सरसकट म्हणतो, पण ते लाकडावर अवलंबून असतं. कार्ल्याच्या चैत्यगृहात छताखाली सागाच्या कमानी आहेत, त्यांना दोन हजार वर्षं होत आली. साग घट्ट, तेलकट, वाळवीला दाद न देणारा, आणि तिथे वरून कातळाचं छप्पर. तोच साग डोक्यावर चढवून रात्री नाचायचं म्हटलं तर मान मोडेल. म्हणून मुखवट्याला पांगारा, सावर, उंबर अशी हलकी लाकडं जवळची. सागाचे मुखवटेही आहेत, पण ते पेलणारा गडीही तसाच लागतो. पांगारा आणि सावर ऐन बोहाड्याच्या दिवसांत लाल फुलांनी पेटलेले असतात. लाकूड मऊ असल्याने त्यात वाकस आणि पटाशी सहज चालते. पण जे हत्याराला मऊ तेच किड्यालाही मऊ. भुंगेरे आत शिरतात, पिठासारखा भुसा गळायला लागतो, पावसाळ्यात बुरशी धरते, उन्हाळ्यात भेग जाते.

मुखवटा कोरताना कारागीर ओंडका आधी बाहेरून तासतो, मग मागून पोखरतो. कसब पोखरण्यात असतं. भिंत जाड राहिली तर वजन वाढतं, पातळ झाली तर नाकाशी किंवा कानाशी तडा जातो. डोळ्यांची छिद्रं बघणाऱ्याला दिसायला हवीत आणि नाचणाऱ्याला त्यातून वाटही दिसायला हवी. मुखवटा मोठा असला तर त्याचे डोळे माणसाच्या डोळ्यांच्या बरेच वर जातात. मग नाचणारा नाकपुड्यांतून किंवा तोंडाच्या फटीतून बघतो. देवाचा रागीट उघडा जबडा हा असा कधी कधी आतल्या माणसाची खिडकी असतो.

लाकडाच्या जोडीला कागदही आला. मातीच्या साच्यावर कागदाचे थर किंवा कागदाचा लगदा, बांधायला चिंचोक्याची किंवा कणकेची खळ, वर रंग. हलका, स्वस्त, लवकर होणारा. पुण्यात क्वीन्स गार्डन भागात आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. ती १९६२ मध्ये स्थापन झाली. तिच्या आदिवासी संग्रहालयात कागदी लगद्याचे असे मुखवटे मांडलेले आहेत. गर्दी नसलेल्या दुपारी तिथे जाऊन एकेक चेहरा सावकाश पाहता येतो. रंग भडक, डोळे मोठे, मिशा पिळदार. ते दिव्याच्या उजेडात, पन्नास पावलांवरून ओळखू यावेत म्हणून तसे केलेले आहेत. दोन हातांवरून, ट्यूबलाइटच्या उजेडात ते ठसठशीत नि थोडे भोळे वाटतात, पण तो दोष मुखवट्याचा नाही.

शक्य असेल तर मुखवट्याची आतली बाजू बघावी. संग्रहालयं ती क्वचित दाखवतात. बाहेरच्या रंगाने जे झाकलेलं असतं ते आत उघडं असतं. वाकसाचे घाव तसेच असतात, कारण आत गुळगुळीत करण्यात कुणी वेळ घालवत नाही. कपाळ आणि हनुवटी टेकते तिथे घामाने लाकूड काळपट, तुकतुकीत झालेलं असतं. कडेच्या छिद्रांना दोरी ओढून ओढून खाचा पडलेल्या असतात, एखादं छिद्र फाटलं म्हणून बाजूला दुसरं पाडलेलं असतं. कुठे चिंधीची गादी चिकटवलेली, कुठे तड्यावर पत्र्याची पट्टी ठोकलेली. हा मुखवटा नाचला आहे की विकण्यासाठीच केला आहे, याचं उत्तर असं आत मिळतं.

इग्बोंचं मौन, आपलं दर्शन

इथे इग्बोंकडे परत जायला हवं, कारण मानाची गोष्ट त्यांच्याकडे आपल्याहून कडक आहे. मुखवटा घालून आलेला हा माणूस नसून पूर्वजलोकातून आलेला आत्मा आहे, असं तिथे सगळ्यांनी धरून चालायचं असतं. दीक्षा घेतलेल्या पुरुषांनाच आतलं गुपित जाणण्याचा हक्क. बायकांनी आणि दीक्षा न झालेल्या मुलांनी ते उच्चारायचं नाही. आपल्या नवऱ्याची चाल कुठल्या बायकोला ओळखू येणार नाही? तरी ती बोलत नाही. त्या न बोलण्यावर गावातले निवाडे उभे असत, कारण मुखवटाधारी आत्मे भांडणांत न्यायही देत. माणसाचा निवाडा माणूस मोडेल, पूर्वजांचा कोण मोडणार?

चिनुआ अचेबे यांच्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ या १९५८ च्या कादंबरीत या व्यवस्थेला तडा जातो तो प्रसंग आहे. नव्याने ख्रिस्ती झालेला इनॉक भर उत्सवात एका आत्म्याचा मुखवटा सगळ्यांसमोर उतरवतो. गावाच्या दृष्टीने ही पूर्वजाची हत्या. दुसऱ्या दिवशी मुखवटाधारी एकत्र जमतात, इनॉकचं घर उद्ध्वस्त करतात आणि मग चर्चही पाडतात. मुखवटा उतरवण्याने एवढं काय घडलं, असं ज्याला वाटेल त्याला त्या गावाची काहीच ओळख नाही.

बोहाड्यात असं गुपित नाही. मुखवटा काढून घाम पुसणारा वेताळ आडोशाला बिडी ओढताना दिसला तर कुणाची श्रद्धा मोडत नाही. इग्बो गावात माणूस लपल्याने मुखवट्याला बळ येतं. बोहाड्यात माणूस ओळखीचा असूनही येतं. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे: लाकडात बळ आपोआप नसतं, गाव ते ठरावीक वेळी, ठरावीक माणसाच्या हाती देतं. वेळ टळली किंवा हक्क नसलेल्याने मुखवटा चढवला तर उरतं ते कोरीव लाकूड.

इग्बोंचे पुष्कळ मुखवटे ज्या काळात ब्रिटनला गेले तो वसाहतीचा काळ. नॉर्थकोट थॉमस या सरकारी मानववंशशास्त्रज्ञाने १९१० ते १९१३ या काळात इग्बो भाषकांच्या प्रदेशात फिरून वस्तू गोळा केल्या, हजारो छायाचित्रं घेतली आणि मेणाच्या नळ्यांवर गाणी-बोलणी ध्वनिमुद्रित केली. राज्य चालवणाऱ्याला प्रजेची माहिती हवी, म्हणून सरकारने हा खर्च केला. वस्तूंचा मोठा भाग केंब्रिजच्या विद्यापीठीय संग्रहालयात आहे. शंभर वर्षांनी, अलीकडे, अभ्यासकांनी हे सगळं बाहेर काढलं आणि ते छायाचित्रं नि आवाज घेऊन नायजेरियातल्या त्याच गावांत गेले. तिथल्या लोकांनी फोटोंतले आपले पणजोबा ओळखले. ज्या वस्तूंच्या नोंदी तोकड्या होत्या त्यांना अशा वेळी माणसं आणि नावं मिळू लागतात, आणि ती नावं सांगणारे गावातले लोकच असतात.

शंभर वर्षांची अट

आपल्याकडचे मुखवटे जातात ते बंदुकीच्या धाकाने नाही, बाजाराने. नवा मुखवटा करायचा, जुना अडगळीत पडलेला. शहरातून आलेला माणूस रोख पैसे देतो आणि घेऊन जातो. देणाऱ्याला वाटतं, मोडका तर होता. घेणाऱ्याला मोडकाच हवा असतो. दोघांच्या नजरेत जुनेपणाची किंमत उलटी आहे. गावात उत्सवाआधी मुखवटा नव्याने रंगवणं हा त्याचा आदर. पूर्वी मातीचे आणि झाडपाल्याचे रंग होते, आता दुकानातला ऑइल पेंट. रंग जितका ताजा तितका देव उजळ. संग्राहकाला तोच ऑइल पेंट खटकतो. त्याला उडालेला रंग, काजळी, भेग हवी. भारताच्या ग्रामीण मुखवट्यांचे चाहते युरोपातही आहेत आणि त्यांच्यात महाराष्ट्राचे मुखवटेही फिरतात.

कायदा यात फारसा आड येत नाही. पुरावशेष आणि कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार किमान शंभर वर्षं जुनी वस्तू पुरावशेष ठरते आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही; हस्तलिखितांसाठी ही अट ७५ वर्षांची आहे. दगडी मूर्तीला, तांब्याच्या नाण्याला शंभर वर्षं म्हणजे काहीच नाही. पांगाऱ्याच्या मुखवट्याला मात्र शंभरी गाठणं अवघड. चाळीस-पन्नास पावसाळे काढले तरी पुष्कळ. म्हणजे जी वस्तू मुळातच कमी टिकते, ती संरक्षणाच्या वयाला पोचण्याआधीच संपते किंवा विकली जाते. कायदा वय मोजतो. बोहाड्याचं सातत्य मुखवट्याच्या वयात नसतंच. एक मोडला की दुसरा घडवण्यात असतं.

यावर जगाने शोधलेला एक मार्ग २००३ च्या युनेस्को करारात दिसतो. त्यात वस्तूऐवजी परंपरेची नोंद होते: कोण करतं, कधी करतं, पुढच्या पिढीला कसं शिकवतं. भारताने २००५ मध्ये हा करार स्वीकारला. उत्तराखंडच्या गढवालमधला रम्माण हा उत्सव २००९ मध्ये आणि पूर्व भारतातलं छाऊ नृत्य २०१० मध्ये या कराराच्या यादीत आलं. दोन्हींत मुखवटे आहेत. रम्माणमध्ये गावातल्या कोणत्या समाजाने काय करायचं हे ठरलेलं असतं आणि मुखवटे त्या वाटणीचा भाग असतात. गोव्यातल्या पेरणी समाजाचा जागर हाही रंगवलेल्या लाकडी मुखवट्यांचा, काही मोजक्या घराण्यांनी सांभाळलेला. अशा ठिकाणी मुखवटा उचलून नेला तर एक वस्तू जाते. घराण्याने करायचं सोडलं तर सगळंच जातं, मग कपाटात कितीही मुखवटे असोत.

पाटीवर काय लिहावं

याचा अर्थ संग्रहालयं नकोत असा नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाकडे बघावं. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी (१८९६–१९९०) दिवे, अडकित्ते, दौती, दरवाजे असं काय काय आयुष्यभर गोळा केलं आणि लहानपणी गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव त्या संग्रहाला दिलं. लोकांनी मोडीत घातलेल्या घरगुती वस्तू त्यांनी उचलल्या नसत्या तर आज त्या बघायलाही मिळाल्या नसत्या. संग्रहालयाने सांभाळलेला जुना नरसिंह बघून एखाद्या गावातला तरुण कारागीर नवा नरसिंह कोरू शकतो. वाळवीने खाल्लेल्या मुखवट्यावरून ते जमत नाही. म्हणून लाकूड सांभाळणं हेही काम आहेच.

उणीव आहे ती पाटीत. तैलचित्राखाली चित्रकाराचं नाव, साल, कुणासाठी काढलं हे लिहिलेलं असतं. मुखवट्याखाली समाजाचं नाव आणि लाकूड. जणू हे चेहरे कुणा एका माणसाने कोरलेच नाहीत, एका अख्ख्या जमातीने मिळून कोरले. कारागीर तर गावाला माहीत असतो. त्याच्या हाताचा मारुती वेगळा आणि शेजारच्या गावातला वेगळा, हे तिथली पोरंही सांगतील. नोंद घेणाऱ्याने विचारलं नाही म्हणून ते नाव कागदावर आलं नाही. आज मुखवटा संग्रहात घेताना चार ओळी जास्त लिहायला काय लागतं? कोणत्या गावचा, कुणी कोरला, कोणत्या घराण्याच्या मानाचा, शेवटचा कधी नाचला, आणि गावाने आता त्याच्या जागी नवा केला आहे का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर मुखवटा कपाटात निर्धास्त ठेवावा. ‘नाही’ असेल तर तो आणताना आपण गावातून काय आणलं, याचा विचार संग्रहालयाने करावा.

आणि बघणाऱ्याने? मुंबईच्या, पुण्याच्या किंवा परदेशातल्या एखाद्या दालनात असा चेहरा समोर आला तर सुंदर किंवा भीषण म्हणून पुढे सरकू नये. छिद्रं कुठे आहेत, वजन कुठे पडत असेल, आतला माणूस कुठून बघत असेल, याचा अंदाज घ्यावा. मग हा कुणाच्या मानाचा होता ते विचारावं. उत्तर पाटीवर नसेल तर तिथल्या अधिकाऱ्याला विचारावं, अभिप्रायाच्या वहीत लिहावं. महालक्ष्म्या कुणाच्या घरी बसतात यावरून ज्या मुलखात भावाभावांत रुसवे-फुगवे होतात, तिथल्या माणसाला हा प्रश्न शिकवावा लागू नये. तो घरी विचारतो तसाच त्याने संग्रहालयातही विचारावा.